खिशातला टॉर्च : आधी सेल पाहा

पावसाळ्यात रात्री वीज गेली आणि अंगण ओलांडून गोठ्याकडे जायचे असले, की हातात टॉर्च हवाच. वाटेतला साप उजेडात दिसला तर वळसा घालता येतो. नेमक्या अशा वेळी टॉर्च पेटत नाही, आणि दोष बहुधा सेलचा असतो. म्हणून खिशात मावणारा टॉर्च निवडताना आपण आधी सेलचा विचार करू.

साधा टॉर्चचा सेल जाड असो वा बारीक, त्यावर १.५ व्होल्ट हाच आकडा असतो. हा आकडा आतल्या रसायनांवरून ठरतो. आकारानुसार बदलतो तो विद्युतभाराचा साठा. अल्कलाइन प्रकारच्या पेन्सिल सेलमध्ये (एए) तो साधारण २००० ते २५०० मिलिअँपिअर-तास असतो, तर त्याहून बारीक सेलमध्ये (एएए) सुमारे १०००. टॉर्च १०० मिलिअँपिअर प्रवाह घेत असेल, तर पहिला सेल सुमारे २० तास पुरेल, दुसरा १० तास. प्रवाह वाढला की प्रत्यक्ष मिळणारा साठाही घटतो.

आता प्रकार पाहू. फ्रान्समधील लेक्लांशे यांनी १८६६ मध्ये जस्त व मँगनीज डायऑक्साइड वापरून घट बनवला. आजचा स्वस्त सेल त्याचाच वंशज आहे. त्यातले जस्ताचे डबडे हेच ऋण अग्र असते. वापरासोबत ते झिजते, भोके पडतात आणि सेल पाझरतो. अल्कलाइन सेलमध्ये जस्त भुकटीच्या रूपात असते. त्यामुळे क्रियेला जास्त पृष्ठभाग मिळतो, अंतर्गत रोध कमी राहतो आणि सेल जास्त टिकतो. पण विसरून ठेवला तर तोही पाझरतो. निकेल-मेटल हायड्राइड सेल शेकडो वेळा भारित करता येतो. त्यावर १.२ व्होल्ट लिहिलेले असले, तरी वापरताना त्याचा दाब बराच काळ स्थिर राहतो.

मंदावलेले सेल उन्हात ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया व आयनांची हालचाल वाढते, म्हणून टॉर्च थोडा वेळ बरा चालतो. झिजलेले जस्त मात्र परत येत नाही, आणि सेल पाझरण्याची शक्यता वाढते.

वर्गात एक प्रयोग करता येईल. जुन्या सेलचा दाब मल्टिमीटरने मोजा. तो कदाचित १.३ व्होल्टही भरेल. आता सेलला १.५ व्होल्टचा लहान बल्ब जोडा आणि पुन्हा मोजा. आकडा घसरलेला दिसेल. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढल्याने, प्रवाह वाहू लागताच काही दाब आतच खर्ची पडतो. नव्या सेलवर हाच प्रयोग करून विद्यार्थ्यांना तुलना करू द्या.

आजच्या टॉर्चमधील पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात. म्हणून स्वस्त टॉर्चमध्ये बरेचदा तीन बारीक सेल असतात. एकाच सेलवर चालणाऱ्या टॉर्चमध्ये दाब वाढवणारा छोटा परिपथ बसवलेला असतो. किल्लीच्या साखळीतल्या टॉर्चमध्ये बटण सेल असतात. त्यांचा साठा फारच थोडा असतो, आणि मुलाने असा सेल गिळला तर अन्ननलिका काही तासांत भाजू शकते. लगेच रुग्णालय गाठावे.

मग घ्यावे काय? रोज वापर असेल, तर पुन्हा भारित होणारे सेल स्वस्त पडतात. क्वचित लागणाऱ्या टॉर्चसाठी एए आकाराचे अल्कलाइन सेल बरे, पण ते टॉर्चबाहेर, त्याच्या शेजारी ठेवावेत. आतच लिथियम-आयन सेल असलेला टॉर्च सोयीचा. मात्र वीज दोन दिवस गेली तर दुकानातून दुसरा सेल आणून त्यात घालता येत नाही. जुना व नवा सेल एकत्र कधीच घालू नये. दुबळा सेल आधी रिता होऊन पाझरतो. आणि पावसाळ्याच्या तोंडावर टॉर्च दहा मिनिटे सलग पेटवून पाहावा. क्षणभर पेटलेला दिवा सेलची खरी स्थिती सांगत नाही.