ब्रिटनला जाताय? व्हिसा, विमा, नमाज आणि हलाल जेवणाची तयारी इथूनच करा

कुणाचा मुलगा शिकायला गेलेला असतो, कुणाची मुलगी लग्न होऊन तिकडे राहते. कोकणातल्या कित्येक घरांचे नातेवाईक तर पूर्वीपासूनच तिथे आहेत. त्यामुळे आपल्याकडचे अम्मी-अब्बा आता ब्रिटनच्या सफरीला निघू लागले आहेत. तिकीट काढणं सोपं असतं. पण काही गोष्टी आधी माहीत नसल्या, तर वर्षानुवर्षं जमवलेला पैसा एका फटक्यात जाऊ शकतो. म्हणून ही माहिती क्रमाने देत आहे.

व्हिसा: खरं तेच लिहा

फिरायला किंवा नातेवाइकांना भेटायला जाणाऱ्यांना व्हिजिटर व्हिसा लागतो. एका भेटीत साधारणपणे जास्तीत जास्त 6 महिने राहता येतं. अर्ज प्रवासाच्या 3 महिने आधीपासून करता येतो आणि निर्णयाला साधारण 3 आठवडे लागतात. सुट्टीच्या हंगामात थोडे जास्त दिवस हातात ठेवा. या व्हिसावर नोकरी करता येत नाही, नातेवाइकाच्या दुकानात बिनपगारी हात लावणंही चालत नाही.

एजंट म्हणाला म्हणून खात्यात चार दिवसांसाठी उसने पैसे भरू नका. अचानक आलेली रक्कम कुठून आली, हे अधिकारी बघतात. खोटी कागदपत्रं सापडली तर 10 वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ब्रिटनच्या व्हिसावर पॅरिसला जाता येत नाही, त्यासाठी वेगळा शेंगेन व्हिसा काढावा लागतो.

विमा: इथे कंजुषी नको

ब्रिटनमध्ये दवाखाना मोफत असतो, असं आपण ऐकलेलं असतं. ते तिथे राहणाऱ्यांसाठी खरं आहे. पाहुण्याला सरकारी रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात तपासतात, पण दाखल करावं लागलं की बिल सुरू होतं. आपल्यासारख्या परदेशी पाहुण्यांना एनएचएसच्या ठरलेल्या दराच्या दीडपट आकारणी होते. बिल थकलं तर पुढचा व्हिसाही अडकू शकतो.

म्हणून प्रवास विमा घ्याच, आणि घेताना शुगर, बीपी, हार्टचा आजार लपवू नका. लपवलेल्या आजाराचा खर्च कंपनी नाकारते. औषधं पूर्ण मुक्कामाला पुरतील एवढी, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. तिथे अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. तातडीच्या मदतीसाठी 999 आणि साध्या तब्येतीच्या सल्ल्यासाठी 111 हे नंबर लिहून ठेवा.

सामानात काय नको

मटण-चिकनचे पदार्थ, तूप, खवा, पेढे, पनीर नेऊ नका. भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे, ते विमानतळावर जप्त होतात. मुलीसाठी प्रेमाने बनवलेले कबाब कचऱ्यात जाण्यापेक्षा कोरडे मसाले न्या.

नमाजच्या वेळा

आपल्या सवयीची घडी तिथे चालत नाही. जूनमध्ये लंडनला सूर्य पहाटे पावणेपाचच्या सुमारास उगवतो आणि रात्री सव्वानऊनंतर मावळतो. एडिनबराला तर मगरिब दहाच्या आसपास होते. उलट डिसेंबरात लंडनचा सूर्य चारच्या आधीच मावळतो, म्हणजे जोहर, असर आणि मगरिब चारेक तासांत उरकतात. उन्हाळ्यात इशाची वेळ मशिदीगणिक वेगळी दिसते. वाद न घालता जवळच्या मशिदीचं वेळापत्रक पाळा.

कसरचा मसला निघण्यापूर्वीच आलिमांना विचारून घ्या. हनफी मसलकात मुक्कामाची मर्यादा 15 दिवसांची, तर आपल्या कोकणी शाफई मंडळींकडे 4 दिवसांची आहे. सार्वजनिक टॉयलेटमध्ये बहुतेक ठिकाणी पाण्याची सोय नसते. बॅगेत एक रिकामी बाटली ठेवा, फार उपयोगी पडते.

हलाल जेवण

बर्मिंगहॅम, लेस्टर, ब्रॅडफर्ड, मँचेस्टर, पूर्व लंडन इथे हलाल हॉटेलं भरपूर आहेत. एचएमसी ही संस्था जनावराला बेशुद्ध न करता केलेल्या जिबहलाच मान्यता देते. काही इतर संस्थांना काही प्रकारे बेशुद्ध करणं चालतं. त्यामुळे फक्त ‘हलाल’ पाटी न बघता प्रमाणपत्र कुणाचं आहे तेही विचारा.

खेड्यात गेलात की मासा-बटाटा, म्हणजे फिश अँड चिप्स, सोपं वाटतं. पण उत्तर इंग्लंडात ते पुष्कळदा गाईच्या चरबीत तळतात आणि पिठात कधी बिअरही घालतात. तेल कोणतं, पीठ कशाचं, हे आधी विचारा. विचारण्यात लाज कसली?

शहर आणि गाव

लंडनच्या बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, कार्ड टेकवावं लागतं. प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं. लांबच्या रेल्वेचं तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. 25 डिसेंबरला रेल्वे जवळजवळ पूर्ण बंद असते. गाडी भाड्याने घेतली, तर 12 वर्षांखालच्या आणि 135 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला खास सीट लागते.

गावाकडे जायचं तर मँचेस्टर आणि शेफील्डच्या मध्ये असलेलं पीक डिस्ट्रिक्ट बघा. 1951 साली झालेलं हे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. तिथल्या एडेल गावापर्यंत रेल्वे जाते. शेतातल्या पायवाटेवरून चालता येतं, पण फाटक जसं होतं तसंच ठेवा आणि वासरं असलेल्या गाईंपासून लांब राहा. रेनकोट उन्हातही सोबत असू द्या. रविवारी खेड्यात बस कमी असतात, परतीची वेळ आधी बघा.

आपल्या इतिहासाच्या दोन जागा

वोकिंगची शाहजहाँ मशीद 1889 ची. ब्रिटनमध्ये मशीद म्हणूनच बांधलेली ही पहिली वास्तू, आणि तिला मोठी मदत भोपाळच्या शाहजहाँ बेगमची. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत वोकिंग येतं. जवळच्या ब्रुकवुड कबरस्तानात कुरआनचे इंग्रजी अनुवादक पिकथॉल आणि अब्दुल्ला युसूफ अली दफन आहेत. लंडनमध्येच, 10 किंग हेन्रीज रोडवर, डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी असताना राहिले ते घर आहे. महाराष्ट्र सरकारने ते विकत घेऊन स्मारक केलं आहे. मुलांना सोबत न्याल तर या दोन्ही जागा जरूर दाखवा.

निघताना पासपोर्ट, व्हिसा आणि विम्याच्या झेरॉक्सचा एक संच घरी ठेवा, दुसरा तिथल्या नातेवाइकाला पाठवा. सफर मुबारक!