पोटॅशियमची अँप्यूल वॉर्डात हवी कशाला?

शरीरातलं जवळपास सगळं पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्तद्रवात ते लिटरमागे साडेतीन ते पाच मिलिइक्विव्हॅलंट एवढंच असावं लागतं. आतबाहेरच्या या फरकावर हृदयाच्या पेशींचा विद्युतभार टिकतो. प्रौढ माणसाचा रक्तद्रव तीन लिटरच्या आसपास, म्हणजे त्यातलं एकूण पोटॅशियम भरतं बाराएक मिलिइक्विव्हॅलंट. आपल्याकडच्या १० मिलीलिटरच्या नेहमीच्या अँप्यूलमध्ये ते २० असतं. सलाईनमध्ये मिसळून थेंबाथेंबाने दिलं तर हेच औषध जुलाब-उलट्यांनी खचलेल्या रुग्णाला सावरतं. सिरिंजमधून एकदम शिरेत गेलं, तर ते आत ओढून घ्यायला पेशींना वेळच मिळत नाही आणि हृदय बंद पडू शकतं.

अशी चूक कोण करील, असं वाटणं साहजिक आहे. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशनने १९९८ साली पोटॅशियम क्लोराइडच्या चुकीच्या वापरातून झालेले १० मृत्यू तपासले. त्यांपैकी ८ प्रकरणांत तीव्र द्रावण थेट टोचलं गेलं होतं, आणि त्यातल्या ६ वेळा ते दुसरंच औषध समजून दिलं गेलं होतं, कारण बाटल्या आणि लेबलं सारखी दिसत होती. बहुतेकदा गल्लत झाली ती साध्या सलाईनशी, हेपॅरिनशी किंवा फ्युरोसेमाइडशी. सलाईनने कॅन्युला धुवायचा आहे हे मनात ठरलेलं असलं की डोळे लेबलावर तेच वाचतात. अनुभवी सिस्टरही याला अपवाद नसते, उलट सवयीमुळे तिचा हात अधिक वेगाने चालतो. त्यात कामाची ओढाताण. सिडनीच्या दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांचं निरीक्षण करून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, औषध देण्याच्या निम्म्याहून अधिक वेळा कुणीतरी व्यत्यय आणला होता, आणि प्रत्येक व्यत्ययागणिक औषधातली चूक होण्याचं प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढत होतं. योग्य रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ हे पाच नियम नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून घोकून घेतले जातात, आणि ते हवेतच. पण ते सगळे एकाच माणसाच्या लक्षावर उभे आहेत, आणि नेमकं तेच लक्ष वॉर्डात सतत तोडलं जातं. म्हणून माझं म्हणणं असं की तीव्र पोटॅशियम साध्या वॉर्डाच्या ट्रॉलीत असूच नये. जॉइंट कमिशनने तपासलेल्या त्या दहाही प्रकरणांत ते वॉर्डात हाताशी होतं.

यावर आक्षेप येतो की त्यामुळे परिचारिकेची जबाबदारी सैल होईल. मला हा युक्तिवाद पटत नाही. घातक वस्तू दूर ठेवल्याने रुग्णाचं नाव विचारणं, लेबल वाचणं, नाडी पाहणं यातलं काहीच कमी होत नाही; एका क्षणाच्या चुकीची किंमत तेवढी मृत्यू राहत नाही. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: पोटॅशियम धोकादायकरीत्या उतरलं तर तातडीने काय करायचं? ब्रिटनच्या नॅशनल पेशंट सेफ्टी एजन्सीने २००२ साली आपला पहिलाच इशारा याच औषधाबद्दल काढला, तेव्हा त्याचं उत्तरही दिलं होतं. तीव्र द्रावण फार्मसीत आणि अतिदक्षता विभागासारख्या मोजक्या जागी कुलपात ठेवायचं, बाकी वॉर्डांना तयार मिसळलेल्या पिशव्या पुरवायच्या.

तालुक्याच्या छोट्या रुग्णालयात रात्री औषधनिर्माता नसतो आणि तयार पिशव्या सहज मिळत नाहीत, हे मान्य करावं लागेल. तिथे निदान एवढं व्हावं: या अँप्यूल सलाईन आणि पाण्याच्या अँप्यूलपासून वेगळ्या, लाल लेबलाच्या कुलूपबंद डब्यात ठेवाव्यात, नोंद करूनच बाहेर काढाव्यात, आणि मिसळण्याआधी दुसऱ्या सिस्टरने नाव व मात्रा स्वतंत्रपणे वाचावी. लटकवलेल्या सलाईनमध्ये पोटॅशियम कधीही टोचू नये. ते जड असल्याने तळाशी नळीच्या तोंडापाशी साचतं आणि पहिल्याच थेंबांतून जवळजवळ तीव्र स्वरूपात रुग्णाच्या शिरेत उतरतं. बाटली खाली घेऊन, औषध घालून, ती अनेकदा उलटसुलट करूनच पुन्हा लावायची असते.