उरलेल्या दुधाचं चीज

वैजापूर तालुक्यात सकाळी डेअरीवर कॅन ठेवला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : फॅट किती लागली? दुधाचा भाव तिच्यावर चढतो-उतरतो. घरातही हिशेब तोच. साय साठवायची, विरजायची, घुसळून लोणी काढायचं. मागे राहिलेलं ताक मात्र शेजारणीनं मागायच्या आतच तांब्याभर देऊन टाकायचं. लोणी निघालेल्या दुधाला आपण फार मान देत नाही.

नेदरलँड्समधल्या लायडेन शहराभोवतालच्या शेतकऱ्यांपुढेही हेच दूध होतं. पाणथळ जमीन, भरपूर गवत, पुष्कळ गायी. लोण्याला शहरात चांगला भाव, म्हणून साय आधी लोण्याकडे जायची. उरलेल्या पातळ दुधाचं त्यांनी जे केलं, ते आज ‘लायडेनचं चीज’ म्हणून ओळखलं जातं. त्यात जिरे असतात. लोणी काढलेलं दूध आणि जिरे! मठ्ठा पिऊन वाढलेल्या माणसाला ही जोडी समजावून सांगावी लागत नाही.

शेतावरची जुनी रीत अशी. संध्याकाळचं दूध रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी वर आलेली साय काढून घ्यायची. दूध कोमट करून त्यात थोडं ताक आणि रेनेट घालायचं. रेनेट म्हणजे वासराच्या जठरातून मिळणारं, दूध साकळवणारं द्रव्य. (आपल्याकडे शाकाहारी चीजसाठी सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट वापरतात.) पनीर करताना आपण आंबट घालून दूध फाडतो. इथं ते अर्ध्या-पाऊण तासात खरवसासारखं थरथरतं घट्ट होतं. मग ते सुऱ्यांनी कापायचं, ढवळायचं, निवळी काढून टाकायची.

खरी नजाकत त्यानंतर आहे. साच्यात आधी साधा चोथा, मध्ये जिरे कालवलेला, वरून पुन्हा साधा. जिरं कडेला आलं तर तिथं कवच सलग बसत नाही आणि बुरशीला वाट मिळते. म्हणून जिरे पोटातच ठेवायचे, पुरणपोळी लाटताना पुरण कडेला फुटू नये म्हणून जपतात तसे. शेतावर हे काम पिढ्यान् पिढ्या घरच्या बाईच्या हातात होतं.

नंतर दाब, मिठाच्या पाण्यातली आंघोळ, आणि थंड खोलीतल्या लाकडी फळ्यांवर महिनोन् महिने मुक्काम. चीज अधूनमधून उलटायचं, पुसायचं, कुठे बिघडतंय का ते पाहायचं. कांदाचाळीत कांदा राखणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ही राखण लगेच कळेल. कवचाचा तांबूस रंग शेंद्रीच्या बियांचा. पूर्वी हा रंग गायीच्या चिकात कालवून चोळत. खरवसापलीकडे चिकाचा असाही उपयोग होऊ शकतो, हे वाचून मी थक्क झालो.

अस्सल शेतावरच्या चीजवर दोन किल्ल्यांची फुली उमटवलेली असते. लायडेनच्या नगरचिन्हातल्या या संत पीटरच्या किल्ल्या. या चीजला 1997 पासून युरोपीय संघाचं नामसंरक्षण आहे, पैठणीच्या जीआयसारखं. तिथलंच प्रसिद्ध गौडा चीज सायीसकट दुधाचं, म्हणून मऊ आणि गोडसर. त्याच्या कोरड्या भागात निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो. लायडेनच्या शेतावरच्या चीजमध्ये तो त्याहून बराच कमी असतो. त्यामुळे ते घट्ट, कोरडं, चावून खायचं. उत्तरेकडच्या फ्रिसलंडमध्ये अशाच पातळ दुधाच्या चीजमध्ये लवंग घालतात.

तिकडे ते पावावर पातळ काप ठेवून किंवा चौकोनी तुकडे मोहरीत बुडवून खातात. आमच्या घरी एका स्नेह्यानं फोड आणली, तेव्हा मोहरीची चटणी नव्हती, बाजरीची भाकरी होती. फ्रिजमधून काढल्याबरोबर चव लागेना. तासभर बाहेर ठेवल्यावर वास उघडला. विळीवर काप काढताना जिऱ्यावर पातं अडून बारीक कचकन आवाज यायचा. आईला चीज आवडत नाही. तिनं तुकडा नाकाशी नेला आणि म्हणाली, ‘‘अरे, हा तर मठ्ठ्याचा वास!’’ मग तिनं दुसरा काप मागितला, तोही भाकरीच्या पापुद्र्यात घालून. जेवण उरकलं तेव्हा ताटात तांबडी साल तेवढी राहिली होती.