जुन्या घरातील चूल : ओळख आणि पारख

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरील वळसंगच्या परिसरात माळवदाची जुनी घरे आढळतात. जाड दगडी भिंती, लाकडी तुळया आणि वर पांढऱ्या मातीचा थर अशी त्यांची रचना असते. हवा उष्ण असल्याने ऊब घेण्यासाठी भिंतीत वेगळे अग्निस्थान बांधण्याची येथे गरज नव्हती; घरातील अग्नीची जागा म्हणजे स्वयंपाकघरातील चूल. वाटणी, विक्री किंवा दुरुस्तीचा प्रसंग आला की बहुधा हीच जागा आधी फोडली जाते. मात्र ती फोडण्यापूर्वी, तसेच पुन्हा पेटविण्यापूर्वीही, तिची पारख करणे हिताचे ठरते.

चूल नाहीशी झाली तरी तिच्या खुणा उरतात. शेजारची वैल, मागील भानवस आणि धूर जाण्यासाठी माळवदात ठेवलेले साणे, ही तिची अंगे होत. साणे फरशीने बुजविलेले असले तरी सभोवतालच्या लाकडावरील काजळी त्याची जागा दाखविते.

त्यानंतर लाकूड तपासावे. काजळी पुसली जाते. जळून कोळसा झालेला किंवा वाळवीने पोखरलेला भाग मात्र खिळ्याच्या टोकाखाली भुसभुशीत लागतो. साणे मोकळे आहे का, त्यात पक्ष्याचे घरटे नाही ना, हे पाहावे. घरट्यात पिले असतील तर ती उडून जाईपर्यंत काम थांबवावे. बंद साण्याखाली चूल पेटविल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो.

सर्वांत महत्त्वाची भिंत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली. अशा भिंतींच्या दोन थरांना सांधणारे आरपार दगड पुष्कळदा नसतात. म्हणून फुगलेल्या वा तडा गेलेल्या भिंतीतील चुलीची जागा अभियंत्याला दाखविल्याशिवाय फोडू नये.

साणे आहे म्हणून गॅसच्या शेगडीबाबतही निर्धास्त राहू नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो; गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. त्यासाठी खालच्या बाजूस हवा जाण्याची वाट हवी.

एवढी तपासणी झाल्यावरच चूल राखावी, बुजवावी की काढावी, याचा निर्णय घ्यावा आणि मगच खर्चाचा अंदाज मांडावा.