अर्धा गुडघा, छोटा छेद : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर हल्ली एक जाहिरात हमखास दिसते. छोटा छेद, कमी रक्तस्राव, दुसऱ्या दिवशी चालत घरी. शेजारी हसतमुख आजी-आजोबांचा फोटो. यातला एकेक शब्द सुटा घेतला तर तो खोटा नसतो. पण सगळे मिळून जे चित्र उभं राहतं, त्यावर विसंबून माणसं लाखो रुपयांचा आणि उरलेल्या आयुष्यातल्या चालण्याफिरण्याचा निर्णय घेतात. काळजी वाटते ती याची.

तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे गुडघे २००० आणि २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलले गेले, तेव्हा न्यूयॉर्कहून आलेल्या डॉ. चित्तरंजन राणावत यांचं नाव घरोघरी पोचलं. गुडघा बदलता येतो, हे तेव्हापासून सगळ्यांना ठाऊक झालं. आता प्रश्न पुढचा आहे : पूर्ण बदलायचा की अर्धा, मोठ्या छेदातून की लहान, हाताने की रोबोच्या मदतीने? इथे माहितीपेक्षा ऐकीव गोष्टीच जास्त फिरतात.

गैरसमज : छोट्या छेदाची शस्त्रक्रिया म्हणजे दुर्बिणीची शस्त्रक्रिया.

नाही. दुर्बिणीसाठी जेमतेम एक सेंटिमीटरची छिद्रं पुरतात. त्यातून फाटलेली गादी नीट करता येते, तुटलेला लिगामेंट (हाडं जोडून ठेवणारा बंध) बांधता येतो. धातूचा भाग मात्र त्या छिद्रातून आत जात नाही. सांधेरोपणात हाड कापावं लागतं, मापं घ्यावी लागतात, सिमेंट भरावं लागतं. त्यासाठी सांधा उघडावाच लागतो. अर्ध्या गुडघ्यासाठी साधारण ८ ते १० सेंटिमीटरचा छेद घेतात, पूर्ण गुडघ्यासाठी त्याहून मोठा.

याच गैरसमजाचा दुसरा भाग जास्त महागात पडतो. ‘आधी दुर्बिणीने गुडघा साफ करून घेऊ, बदलायचं नंतर बघू,’ असं अजूनही ऐकू येतं. २००२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला झिजलेल्या गुडघ्याच्या १८० रुग्णांवर एक धाडसी अभ्यास झाला. काहींचा गुडघा दुर्बिणीने खरोखर धुतला, साफ केला. काहींच्या त्वचेवर फक्त छेद दिले आणि टाके घातले, आत काहीच केलं नाही. आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णांना माहीत नव्हतं. दोन वर्षांनी पाहिलं तर दुखण्यात काहीही फरक नव्हता. नुसत्या झिजेसाठी दुर्बिणीने ‘सफाई’ सुचवली गेली, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्यावं.

गैरसमज : गुडघा बदलतात म्हणजे अख्खा सांधा कापून काढतात आणि तिथे लोखंडी बिजागरी बसवतात.

पूर्ण गुडघारोपणातही मांडीच्या आणि नडगीच्या हाडाचा काही मिलिमीटर जाडीचा थरच काढतात. त्यावर कोबाल्ट-क्रोमियमसारख्या मिश्रधातूचं आवरण बसवतात आणि मध्ये पॉलिएथिलीनची चकती ठेवतात. स्नायू आणि बाजूचे लिगामेंट तुमचेच राहतात.

आता गुडघ्याची रचना पाहा. त्यात तीन कप्पे असतात : आतल्या बाजूचा, बाहेरच्या बाजूचा आणि वाटीच्या मागचा. चालताना जास्त भार आतल्या कप्प्यावर येतो, म्हणून बहुतेकांची झीज तिथूनच सुरू होते. ज्यांचे पाय धनुकलीसारखे बाहेर वाकलेले असतात, त्यांच्यात तर हे लांबून चालताना पाहूनही कळतं. बाकीचे दोन कप्पे शाबूत असतील, मधले क्रुसिएट लिगामेंट घट्ट असतील, तर फक्त झिजलेला कप्पा बदलता येतो. यालाच अर्धा किंवा आंशिक गुडघारोपण म्हणतात. यात बसवायचे भाग लहान असतात, हाड कमी जातं आणि लिगामेंट वाचल्यामुळे गुडघा बराचसा आपलाच वाटतो.

हे कालपरवाचं तंत्रही नव्हे. ऑक्सफर्डचे शल्यविशारद जॉन गुडफेलो आणि अभियंता जॉन ओकॉनर यांनी १९७०च्या दशकात सरकत्या चकतीचा गुडघा तयार केला. १९८२ पासून तो फक्त आतल्या कप्प्यासाठी वापरला जाऊ लागला आणि १९९८ च्या सुमारास लहान छेदातून बसवण्याची खास अवजारं आली. म्हणजे मूळ कल्पना मोठ्या छेदाच्या काळातली आहे. ती टिकली ती तिच्यामागच्या विचारामुळे : जे झिजलं नाही त्याला हात लावायचा नाही.

गैरसमज : छेद जितका लहान, तितका माणूस लवकर बरा.

या गैरसमजाला जाहिरातींनी सर्वाधिक खतपाणी घातलं. बेलफास्टमध्ये खुब्याच्या सांध्यावर याची नेटकी परीक्षा झाली आणि २००५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. २१९ रुग्णांपैकी काहींना १० सेंटिमीटरपर्यंतचा छेद, काहींना नेहमीचा १६ सेंटिमीटरचा. रुग्णांना आपला छेद केवढा हे ठाऊक नव्हतं. सुरुवातीचं चालणं, वेदना, रुग्णालयातले दिवस यांत लक्षणीय फरक आढळला नाही.

मग आजचे रुग्ण दुसऱ्या दिवशी चालतात ते कशामुळे? श्रेय बरंचसं भूलतज्ज्ञांचं आणि फिजिओथेरपिस्टचं आहे. मांडीतल्या नेमक्या नसेभोवती दिलेला ब्लॉक, म्हणजे बधिर करणारं इंजेक्शन, वेदना थांबवतो आणि स्नायूंची ताकदही बरीचशी राखतो. सांध्याभोवती भूल देणारं औषध टोचतात. ट्रॅनेक्झामिक ॲसिडमुळे रक्तस्राव घटतो. त्याच दिवशी संध्याकाळी वॉकर धरून उभं करतात. हे सगळं मोठ्या छेदाच्या रुग्णालाही मिळतं आणि मिळायलाच हवं.

लहान छेदाला अर्थ आहे, पण तो त्वचेखाली आहे. मांडीचा पुढचा मोठा स्नायू किती कापला, वाटी उलटवली की जागेवरच बाजूला सारली, यावर गुडघ्याची ताकद लवकर येणं अवलंबून असतं. हातखंडा असलेला सर्जन गुडघा वाकवत-सरळ करत तोच छेद वरखाली सरकवतो आणि खालचं हवं ते हाड त्या खिडकीत आणतो. हे न साधता नुसती त्वचा ताणून काम रेटलं, तर जखमेच्या कडा काळ्या पडतात. त्याहून वाईट म्हणजे धातूचा भाग दोन-चार अंश तिरका बसतो. व्रण वर्षभरात फिका पडतो. तिरका बसलेला भाग झिजत राहतो. स्थूल किंवा पीळदार मांडीच्या माणसाला छेद मोठाच लागतो आणि तो मोठा घेणारा सर्जन कमी कुशल ठरत नाही.

व्रणाच्या बाहेरच्या बाजूला हाताएवढ्या भागात त्वचा बधिर राहू शकते, ही गोष्ट आधी कुणी सांगत नाही. त्वचेच्या बारीक नसा छेदात जातात म्हणून ते होतं. काही बिघडल्याची ती खूण नाही.

गैरसमज : अर्धा गुडघा म्हणजे तात्पुरती मलमपट्टी, शेवटी पूर्ण बदलावाच लागतो.

हा सर्वांत गुंतागुंतीचा मुद्दा. दोन्ही बाजूंकडे खरे आकडे आहेत, म्हणून इथे थोडं थांबू.

ब्रिटनमध्ये टॉपकॅट नावाची मोठी चाचणी झाली. २७ रुग्णालयांतल्या ५२८ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागलं : एकाला अर्धा गुडघा, दुसऱ्याला पूर्ण. पाच वर्षं पाठपुरावा करून निष्कर्ष २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. मोजमापासाठी बारा साधे प्रश्न होते : जिना उतरता येतो का, बाजारहाट एकट्याने करता येते का, गुडघे टेकून परत उठता येतं का, अशा धर्तीचे. दोन्ही गट जवळजवळ बरोबरीत राहिले. पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागणाऱ्यांचं प्रमाणही सारखंच होतं आणि अर्ध्या गुडघ्यावरचा खर्च कमी झाला.

दुसरी बाजू दीर्घकाळाची. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या आणखी एका अभ्यासाने सांधेरोपणाच्या राष्ट्रीय नोंदवह्या तपासल्या. २५ वर्षांनी पूर्ण गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के टिकलेले होते, अर्ध्या गुडघ्यांपैकी सुमारे ७० टक्के. म्हणजे अर्ध्या गुडघ्यात पुन्हा शस्त्रक्रियेची शक्यता जास्त आहे. जो सर्जन हे सांगत नाही, तो अर्धंच सांगतो.

पण ७० टक्के याचा अर्थ दहापैकी सात गुडघे पाव शतक चालले. साठीत शस्त्रक्रिया झालेल्या माणसासाठी याला तात्पुरतं म्हणणं अन्यायाचं आहे. शिवाय अर्धा गुडघा दुखू लागला तर त्याचा पूर्ण करण्याचा पर्याय तुलनेने सोपा असतो, म्हणून डॉक्टर तो लवकर घेतात. पूर्ण गुडघा दुखला तर दुसरी शस्त्रक्रिया अवघड असते, म्हणून रुग्णाला सोसायला सांगितलं जातं. हा दुसरा माणूस नोंदवहीत यशस्वी म्हणून मोजला जातो. इंग्लंड-वेल्सच्या नोंदवहीतल्या एक लाखाहून अधिक रुग्णांच्या २०१४ सालच्या अभ्यासात अर्ध्या गुडघ्यानंतर पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, रक्ताच्या गुठळ्या आणि मृत्यू यांचं प्रमाण कमी दिसलं होतं. पंच्याहत्तरीतल्या, हृदयाचा त्रास असलेल्या माणसासाठी हा हिशोब २५ वर्षांच्या टिकाऊपणापेक्षा मोलाचा असू शकतो.

याच नोंदींतून निघालेली आणखी एक गोष्ट रुग्णाच्या कामाची आहे. जे सर्जन वर्षाकाठी मोजकेच अर्धे गुडघे बसवतात, त्यांचे निकाल वाईट असतात. ज्यांच्या गुडघारोपणांपैकी निदान पाचवा हिस्सा अर्ध्या गुडघ्यांचा असतो, त्यांचे निकाल लक्षणीय चांगले.

गैरसमज : छोटंच ऑपरेशन आहे, कुणालाही चालतं.

संधिवाताचा जो प्रकार सांध्याच्या अस्तरालाच पोखरतो, म्हणजे ऱ्हुमेटॉइड, त्यात अर्धा गुडघा चालत नाही, कारण आज वाचवलेला कप्पा उद्या जातो. क्रुसिएट लिगामेंट तुटलेला असेल, पाय फार वाकडा झाला असेल किंवा गुडघा सरळच होत नसेल, तर पूर्ण गुडघाच योग्य. वय आणि वजन यांच्या जुन्या मर्यादा मात्र आता तितक्या कडक राहिलेल्या नाहीत.

हे ठरवण्यासाठी एक्स-रे कसा काढला यावर लक्ष ठेवा. झोपून काढलेल्या एक्स-रेत झिजलेल्या गुडघ्यातही फट दिसू शकते, कारण भारच नसतो. उभं राहून, दोन्ही पायांवर वजन देऊन काढला की आतल्या बाजूला हाडावर हाड टेकलेलं स्पष्ट दिसतं. मग गुडघ्याला बाजूने ताण देऊन आणखी एक फिल्म काढतात. वाकडा पाय सरळ होतो का, बाहेरच्या कप्प्यातली कूर्चा जाड राहिली आहे का, हे तिच्यात कळतं. इतकं न पाहता ‘तुमचं अर्ध्यात भागेल’ म्हणणाऱ्याकडे घाई करू नये.

गैरसमज : रोबो ऑपरेशन करतो, त्यामुळे चूक होत नाही.

बहुतेक यंत्रांत करवत सर्जनच्याच हातात असते. ठरलेल्या हद्दीबाहेर पातं जाऊ लागलं की यंत्राचा हात ते अडवतो. भाग अचूक बसवायला याची मदत होते, अर्ध्या गुडघ्यात विशेष. मात्र कोणाचा गुडघा अर्धा बदलायचा, हा मूळ निर्णय यंत्र घेत नाही.

गैरसमज : नवा आणि हाड वाचवणारा इम्प्लांट (बसवायचा कृत्रिम सांधा) म्हणजे उत्तमच.

डीप्यू कंपनीचा एएसआर हा खुब्याचा सांधा असाच तरुण, धावपळीच्या रुग्णांसाठी म्हणून विकला गेला. त्याच्या एका प्रकारात खुब्याचं हाड वाचवून फक्त आवरण बसवत. धातूवर धातू घासून कोबाल्ट-क्रोमियमचे कण रक्तात उतरू लागले आणि ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभरातून मागे घ्यावा लागला. भारतात तो सुमारे ४,७०० जणांना बसवला होता. त्यांतल्या बहुतेकांचा पत्ताच नंतर लागला नाही, कारण कोणाला कोणता सांधा बसवला याच्या नोंदी हाताशी नव्हत्या.

गैरसमज : नंतर मांडी घालता येत नाही, जमिनीवर बसता येत नाही.

अर्ध्या गुडघ्यात वाकणं सहसा चांगलं मिळतं आणि अनेकजण मांडी घालतातही. शस्त्रक्रियेआधी तुमचा गुडघा किती वाकत होता, यावर ते बरंच अवलंबून असतं. रोज जमिनीवर उकिडवं बसायचा आग्रह मात्र सोडावा. चालणं, पोहणं, सायकल, जिने हे सगळं जमतं, पण त्यासाठी पहिले तीन महिने व्यायामाची टाळाटाळ चालत नाही.

खर्चाविषयी एवढंच : ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींना लगाम घातला आणि पूर्ण गुडघ्याच्या नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम संचाची सरासरी दीड लाखाच्या वरची छापील किंमत ५४,७२० रुपये अधिक करावर आली. बिलात इम्प्लांटची रक्कम, कंपनीचं नाव आणि बॅच क्रमांक वेगळा मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

तेव्हा संमतीपत्रावर सही करण्याआधी सर्जनना चार गोष्टी विचारा : माझे कोणते कप्पे झिजले आहेत, उभ्याने काढलेल्या एक्स-रेत ते दाखवाल का, अर्धा गुडघा तुम्ही वर्षाला किती जणांना बसवता, आणि माझ्या बाबतीत तो नको असेल तर का? घरी येताना इम्प्लांटच्या डब्यावरचं स्टिकर डिस्चार्ज कार्डाला लावून घ्या, त्याचा फोटो मुलांच्या फोनमध्ये ठेवा, आणि ते कार्ड रेशनकार्डाइतकंच जपा.