ज्वालामुखीशास्त्राची वाट : वडनेर भोलजीपासून बॅरन बेटापर्यंत

बुलढाणा जिल्ह्यातील वडनेर भोलजी हे गाव ज्या पूर्णा खोऱ्यात वसले आहे, त्याच्या गाळाखाली बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून बनलेला काळा खडक असून, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनी उद्रेकांचा साक्षीदार आहे. याच जिल्ह्यातील लोणारचे विवर एके काळी ज्वालामुखीजन्य मानले जाई. मात्र आघाताने खनिजाची झालेली काच तेथे सापडल्यामुळे ते उल्कापाताचे ठरले.

अशा खडकांचा उलगडा करणाऱ्या ज्वालामुखीशास्त्रात कारकीर्द घडवू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने भूविज्ञानात बी.एस्सी. करून ‘जॅम’ ही पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा दिल्यास, आयआयटी मुंबईसारख्या संस्थेत एम.एस्सी. व पुढे पीएच.डी.चा मार्ग खुला होतो. तेथील प्राध्यापक हेतू शेठ यांनी दख्खनच्या बेसाल्टवर, तसेच अंदमानातील बॅरन बेटाच्या जागृत ज्वालामुखीवर संशोधन केले आहे.

#ज्वालामुखीशास्त्र #बुलढाणा