नवतपा आणि आपला फोन

मे महिन्याच्या शेवटी नवतपा लागला की कामठीत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. आयफोन वापरण्यासाठी कंपनीने सांगितलेली कमाल मर्यादा मात्र ३५ अंश. चार्जिंग मध्येच थांबलं, स्क्रीन अंधुक झाली, तर फोन बिघडलेला नसतो. तो स्वतःला वाचवत असतो. चार्जर आणि कव्हर काढून सावलीत पंख्याखाली ठेवा. फ्रिजमध्ये मुळीच नको! बाहेर काढताच त्याला माठासारखा घाम फुटतो, आतूनसुद्धा.

खरा घोळ कूलरचा. त्याची ओली हवा थेट कॉम्प्युटरवर आली की आतल्या पंख्याच्या पात्यांवर धुळीचा लगदा बसतो. मग मशीन घरघरतं, तापतं, आपोआप बंद पडतं. प्लग काढा, पातं बोटाने धरा आणि कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा. दुकान गाठण्याआधी एवढं तरी कराच.

वीज गेल्यावर दर वेळी कॉम्प्युटरची तारीख मागे जाते? व्हायरस शोधत बसू नका. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा, ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल बदला.

फुगलेली बॅटरी मात्र दाबू नका, टोचू नका, चार्जिंगलाही लावू नका. जाणकाराकडून बदलून घ्या.